अव्वाचे ओठ

३ फेब्रुवारी, रविवार

अव्वाचं, माझ्या आईचं, तोंड डावीकडे ओढलं गेलंय. उजवा हात, उजवा पाय दोन्ही गेले. अण्णा, माझा भाऊ, लिहून सांगतो, ती बोलते, पण शब्द लडबडलेले येतात, कान देऊन ऐकावं लागतं. त्याला कान आहेत. मला तिचं एकटीचंच तोंड नीट वाचता यायचं, आता तेही नाही.

५ फेब्रुवारी

इस्पितळात दिवसभर तिच्या ओठांकडे बघत बसले. काही अर्थ लागत नाही.

वैनी आली. तोंड वासून, "तू— जेव— लीस— का?" बहिऱ्या माणसासमोर सगळ्यांचं माकड का होतं कोण जाणे! अव्वा माझ्याशी असं कधी बोलली नाही. तोंडात काही असलं की ओठ कळत नाहीत म्हणून माझ्यासाठी तिने पान सोडलं होतं. अख्ख्या गल्लीत पान न खाणारी बाई तेवढी एकच.

६ फेब्रुवारी

शाळा डोक्यातून जात नाही. ओठ वाचायला तिथेच शिकवलं ना!

सहा वर्षांची होते. दोन बस बदलून अव्वाने नेऊन सोडलं. पहिला नियम — हात वापरायचे नाहीत. खूण केली की बोटांवर पट्टी. आमच्या अक्कोर, म्हणजे वर्गाच्या बाई, माझा हात आपल्या गळ्यावर ठेवायच्या आणि समोर मेणबत्ती धरायच्या. 'प' म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. कित्येक महिने नुसतं प, प, प!

पहिल्या उगादीला, पाडव्याला, घरी गेले आणि "अव्वा" म्हणाले. ती ढसाढसा रडली. दारोदार पुरणाची होळिगे वाटली, "माझी नीला बोलली!" त्या दिवशी मी गल्लीची राणी होते. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत गूळ मागितला. दुकानदार हसला, मग गिऱ्हाइकं हसली, एकाने माझी नक्कल केली. त्यानंतर मी कुठल्याच दुकानात तोंड उघडलं नाही. आजतागायत नाही.

८ फेब्रुवारी

सुखही होतं. खोटं कशाला लिहू!

वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीमागे हात मोकळे असायचे. दाक्षायणी, माझी मैत्रीण, अक्कोरांची चाल करून दाखवायची — आम्ही पोट धरून हसायचो. तिथे भाषा आम्हाला कुणी शिकवली नाही, आम्हीच केली. बाहेरच्या बहिऱ्यांना ती कळतसुद्धा नाही. वीरेशशी लग्न झालं तेव्हा त्यालाही निम्म्या खुणा मला शिकवाव्या लागल्या.

आठवीत दाक्षायणी तापाने गेली. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सकाळी खाट रिकामी, गादी उन्हात घातलेली. विचारायचं कसं? हात उचलावा तर पट्टी, आणि तोंडाने "दाक्षायणी" म्हणणं माझ्या कुवतीबाहेरचं. "दा, दा" करत राहिले. अक्कोर म्हणाल्या, "नीट म्हण, मग सांगते."

९ फेब्रुवारी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेट असायची. अव्वा फाटकाशी यायची. मी हातांनी सगळं सांगायचे — मार, दाक्षायणी, मला इथून ने. ती गोंधळून बघायची. अक्कोरांनी तिला बजावून ठेवलं होतं, "हातवाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. लाड केलेत तर पोर जन्मभर मुकी राहील." मग ती अक्कोरांशीच बोलत बसायची.

तिचा मला कधी राग आला नाही. तिला आमची भाषाच येत नव्हती, बिचारी काय करणार! ही एक समजूत होती म्हणून ती दहा वर्षं निभली.

११ फेब्रुवारी

पुढच्या सोमवारी सोडणार आहेत. अण्णाने भिंतीला टेकून फोनवर लिहून सुनावलं, "माझ्याकडे तीन जिने चढायचे. तुझ्याकडे ने, नाहीतर त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू. तू ठरव, मुलगी आहेस." आणि लगेच पुढे, "पण ती हाक मारेल तर तुला कळणार कसं?" वा रे अण्णा.

वीरेशला विचारलं. त्याचे हात शांतपणे म्हणाले, "तिच्या हाताला दोरी बांधू, दुसरं टोक तुझ्या. ओढली की तू जागी. माझ्या आजीचं आम्ही असंच केलं होतं."

दुपारी संस्था बघून आले. स्वच्छ आहे. तिथल्या माणसाने लिहून दिलं, "पहिला महिना भेटायला येऊ नका. म्हणजे रुळतात." नाही, तिथे नको. तिला मी घरीच आणणार.

१२ फेब्रुवारी

खिडकीजवळ तिच्यासाठी जागा केली. अण्णाला कळवलं. त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

१४ फेब्रुवारी

खोलीत आम्ही दोघीच होतो. अव्वाने डावा हात उचलला. बोटं मिटून छातीवर दोनदा टेकवली, मग पंजा उघडून दाराकडे नेला. घरी ने. ही आमची टाकीमागची खूण. फाटकाशी मी दर भेटीला तिला करून दाखवायचे, तीच. जराही चुकली नाही.

म्हणजे तिला कळत होतं. तेव्हाही.

मी काहीच न कळल्यासारखं तोंड केलं. तिने पुन्हा खूण केली. बाहेर येऊन अण्णाला मेसेज टाकला — संस्थेतच ठेवू.