घट्ट झालेल्या बांगड्या

४ डिसेंबर, लासुर्णे

नववा लागायला आठ दिवस. ओटीभरणाला भरलेला हिरवा चुडा आज मनगटात रुतला! आई मात्र खूश — "माहेरचं अंगी लागतंय." पायही सुजलेत. डोकं कालपासून ठणकतंय. तिला कोण सांगणार!

६ डिसेंबर

डोळ्यांपुढे काजवे चमकतात. भरदिवसा! आई म्हणते अशक्तपणा. शिरा केला.

दुपारी कासारीण रंगूबाई आली होती. सहज हात धरला आणि तिचं तोंडच उतरलं. "माझं माप कवा चुकत न्हाय, छबू. पंधरा दिसांत एवढा हात भरत न्हाय. ही सूज हाय. दवाखाना गाठा." आई बांगड्यांना हात लावू देईना — बाळंतपणाआधी चुडा वाढवायचा नसतो म्हणे. "मी भरलाय, मीच वाढवती!" रंगूबाईनं एकेक बांगडी वाढवली, काचा पदरात गोळा केल्या.

विशाल कारखान्यावरून गाडी घेऊन निघालाय. बाप व्हायच्या आधीच फोनवर रडवेला.

९ डिसेंबर, बारामती

अंदाजानं लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. काही दिसत नाही! सगळं पांढरं, दुधात बुडाल्यासारखं.

दवाखान्याच्या दारातच झटका आला म्हणे. बीपी एकशे ऐंशीच्या वर. लगेच सिझर केलं. मुलगी! रडते — ऐकलं मी. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत, बीपीनं मेंदूला मागच्या बाजूला सूज आलीय. बहुतेकांची नजर परत येते. बहुतेकांची!

विशाल सारखा वर्णन करतो. "नाक तुझं, झोप माझी." चेष्टा करतानाच रडू फुटतं त्याला. आई उशाशीच. एकदाच म्हणाली, "मला समजलंच न्हाय गं पोरी." फार राग आला होता. पण दिवसभर तिचाच हात धरून पडले होते.

१० डिसेंबर

आज छातीवर ठेवली. केवढीशी! बोटं मोजली — हातापायांची मिळून वीस. कानामागं मऊ लव. देवा, एकदाच दाखव. नाही, एकदाच नको. रोज.

१२ डिसेंबर

सकाळी त्या पांढऱ्यात एक काळा ठिपका दिसला. हलला! बघत राहिले. हळूहळू त्याच्याभोवती गाल झाला, मग ओठ, मग मिटलेले डोळे.

सिस्टर ओरडतील म्हणून आईनं गुपचूप लावलेली तीट होती ती.