आधी फोटो, मग चीज

६ जानेवारी, सोमवार
आजपासून डायरी. कारण गंभीर आहे.

दादाचं यकृत गेलं. डॉक्टर सिऱ्होसिस म्हणाले, मी साध्या भाषेत लिहितोय. दादानं जन्मात दारूला हात लावला नाही, चरबीनंच खराब झालं म्हणे. आता बदलावं लागणार. घरात रक्तगट दोघांचाच जुळतो. माझा, आणि दादाच्या मुलीचा, उत्कर्षाचा. ती एकवीस वर्षांची, खो-खो खेळते, तिचा प्रश्नच येत नाही असं दादा म्हणाला. त्याच्या आधीच मी देतो म्हणालो होतो, सगळ्यांसमोर. म्हणजे मीच देणार.

फक्त माझ्याही यकृतावर चरबी निघाली. पाच आठवड्यांत सहा किलो उतरवायचे, मग परत स्कॅन. चरबी कमी झाली तर तुकडा घेतील, नाहीतर नाही.

सहा किलो म्हणजे काही नाही. कॉलेजात असताना टायफॉइडमध्ये आठवड्यात चार उतरले होते. माझ्या शरीराला सवय आहे.

वजन ९१.२. भीती वगैरे काही वाटत नाही. नोंद म्हणून लिहितो.

७ जानेवारी, मंगळवार
डाएटिशियनकडे, बायकोला घेऊन. बाई तोंडानं कमी आणि भुवयांनी जास्त बोलतात. नम्रता सकाळी साडेसहाला शाळेत शिकवायला जाते, दुपारच्या डब्याचं जमत नाही, असं मी सांगितलं. नम्रता म्हणाली, जमतं की. मी म्हटलं, तुला त्रास नको. मग मीच सुचवलं की खराडीला ऑफिसखाली मेक्सिकन हॉटेल आहे. काचेमागे सगळं मांडलेलं असतं, आपण पुढे सरकत सांगायचं, ते बाउलमध्ये घालत जातात. आपला कंट्रोल. बाई म्हणाल्या, तुमचा असेल तर.

चिठ्ठी लिहून दिली. भात नाही. राजमा एक पळी. भाज्या दुप्पट. टोमॅटोचा सालसा, लेट्यूस. चीज नाही, सावर क्रीम नाही, चिप्स नाहीत. बरिटोखाली दोन रेघा मारून नाही.

चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली.

८ जानेवारी
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, 'मिशन यकृत'. दादा, वहिनी, उत्कर्षा, नम्रता, मी. रोज दुपारी जेवणाचा फोटो टाकणार. पारदर्शक कारभार.

पहिला बाउल चिठ्ठीप्रमाणे. काउंटरवर राहिल नावाचे एक जण आहेत, चष्मा लावतात, माझ्याच वयाचे, दोन मुलींचे वडील. शांत माणूस. चीज नको म्हटल्यावर त्यांनी चमचा हवेतच थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. गेली तीन वर्षं मी तिथे जातोय.

फोटो टाकला. वहिनींचे हात जोडलेले तीन इमोजी. दादानं लिहिलं, रंग छान आहे.

चव म्हणाल तर ओल्या वहीसारखी.

१० जानेवारी, शुक्रवार
विचार केला. सावर क्रीम म्हणजे शेवटी आपला चक्काच. चक्का पचनाला चांगला. डाएटिशियन बाई मेक्सिकन नाहीत, त्यांना नावावरून गैरसमज झाला असणार. एक चमचा घेतला.

ग्रुपवर उगाच चर्चा नको म्हणून फोटो आधी काढला.

१४ जानेवारी, संक्रांत
विश्रांतवाडीला दादाकडे जायचं होतं. ऑफिसपासून वीस मिनिटं. पण ट्रॅफिक. फोनवरच तिळगूळ घ्या झालं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमचे फोटो आले की हे आधी चष्मा मागतात. मग मोठा करून बघतात, राजमा मोजतात.

मला बरं वाटलं. मग जरा बरं वाटेना. गुळपोळ्या तीन. सण आहे.

१६ जानेवारी, गुरुवार
ग्वाकामोले. हे अव्होकाडोचं असतं, त्यातलं फॅट चांगलं फॅट. हृदयाला उत्तम. यकृत आणि हृदय काही लांब नाहीत.

चीज थोडंच घेतलं. वितळल्यावर ते दिसतही नाही.

पद्धत अशी बसली आहे: भाज्या, राजमा, लेट्यूस झालं की मी हात वर करतो. राहिल थांबतात. मी फोटो काढतो. मग ते विचारतात, साहेब, झाला का फोटो, पुढचं घालू? चांगली माणसं पटकन शिकतात.

२० जानेवारी, सोमवार
वजन ९१.९. काटा बाथरूममध्ये आहे, फरशी सपाट नाही. नम्रताला म्हटलं, फरशी बघून घ्यायला पाहिजे. ती म्हणाली, फरशीच बघायला पाहिजे, खरं आहे. नंतर विचारलं, केदार, तुला भीती वाटत असेल तर सांग. मी म्हटलं, भीती कसली.

उद्यापासून कडक.

२१ जानेवारी
आज कडक होतो. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत.

२४ जानेवारी, शुक्रवार
हॉस्पिटलमधून फोन आला होता, ऑपरेशन समजावून सांगायला. पोटावर उलट्या एलसारखी चीर. दात्याचं यकृत पुन्हा वाढतं. धोका अगदी थोडा, पण सांगणं आमचं काम, असं त्या बाई म्हणाल्या. किती थोडा ते त्यांनी आकड्यात सांगितलं. मी आभार मानले.

दुपारी बरिटो घेतला. बरिटो म्हणजे काय, तर पोळीत गुंडाळलेला बाउलच. सोबत चिप्स. मक्याचे असतात, मका धान्यात येतो.

फोटोचा प्रश्न आला. राहिलना म्हटलं, आधी बाउलमध्ये घाला, फोटो काढतो, मग पोळीत भरा. त्यांनी तसंच भरलं.

दादाचा मेसेज: शाब्बास.

२९ जानेवारी, बुधवार
दादाला ॲडमिट केलं. पोटात पाणी झालंय, ते काढलं, पाच लिटर. वहिनी म्हणाल्या, डोळे हळदीसारखे झालेत. मीठ बंद, पाणी मोजून. मी संध्याकाळी जाणारच होतो, पण शेवटच्या मिनिटाला कॉल लागला. कॉल रद्दही करता आला असता, पण टीमला चुकीचा मेसेज जातो.

सहावीत असताना मी कालव्यात पडलो होतो. दादानं मनगटातल्या घड्याळासकट उडी मारली. घड्याळ बंद पडलं. मला ओरडा बसू नये म्हणून घरी सांगितलं नाही, आणि ते बंद घड्याळ वर्षभर घालून हिंडला. कोणी वेळ विचारली की अंदाजानं सांगायचा.

हे आज का आठवलं कोण जाणे. एक्स्ट्रा चीज.

३ फेब्रुवारी, सोमवार
वजन ९२.८. पाणी असणार. शरीर आधी पाणी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, असं वाचलंय. एक आठवडा उरलाय, म्हणजे नेमका सोडायचा काळ.

संकल्प: (१) चिठ्ठीप्रमाणे जेवण. (२) रोज कॅनॉल रोडवर पाच किलोमीटर चालणे. (३) दादाला भेटणे.

४ फेब्रुवारी
चपला चावतात. चालण्याचे बूट ऑर्डर केले. शुक्रवारी येतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बूट आले. एक नंबर लहान. परत पाठवले.

दुपारी काउंटरवर होतो, फोटो काढून झाला होता, राहिल चीज घालत होते. मागून आवाज आला, काका. उत्कर्षा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये इंटर्नशिपच्या मुलाखतीला आली होती म्हणे. तिनं बाउलकडे पाहिलं. ट्रेमधल्या चिप्सकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रुपवर माझा फोटो पोचला होता. तिनं तो उघडला, परत बाउलकडे पाहिलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.

मी म्हटलं, आज पहिल्यांदाच, एखादा दिवस चालतो. ती म्हणाली, हो काका. मग म्हणाली, बाबांना त्या फोटोंचं फार आहे, टाकत राहा. काही न खाता गेली.

समजूतदार मुलगी आहे. गैरसमज करून घेणाऱ्यातली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्कॅन झाला. मशिनमध्ये श्वास रोखून धरा म्हणतात. मी पोटही आत धरलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चरबी वाढली आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं, अजून दोन आठवडे द्या. ते म्हणाले, माझ्याकडे आहेत, तुमच्या भावाकडे नाहीत. मग म्हणाले, तसंही मुलीच्या तपासण्या शनिवारीच सुरू केल्या आहेत, ती स्वतः आली होती.

शनिवार म्हणजे आठ तारीख. मेक्सिकनच्या दुसऱ्या दिवशी.

बाहेर वहिनी बसल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, शरीरानंच साथ दिली नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही कमी केलं नाहीत, आम्ही रोज बघत होतो ना. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. लिफ्ट आली, त्या गेल्या.

मला लाज वाटली, हे लिहिणार होतो. पण मुद्दा असा, की तरुण शरीर लवकर भरून येतं. वैद्यकीयदृष्ट्या तीच योग्य निवड होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
उत्कर्षाचा फोन. ऑपरेशनच्या आधी समितीसमोर मुलाखत होते, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना, असं कॅमेऱ्यापुढे विचारतात, ते सांगत होती. तिला समितीनं विचारलं, घरात दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं का. ती म्हणाली, काकांनी खूप प्रयत्न केला, असं सांगितलं मी.

मग म्हणाली, बाबांना काही सांगू नकोस. त्यांना तसंच वाटू दे.

मार्चमध्ये तिची विद्यापीठाची मॅच आहे. होती.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उद्या ऑपरेशन. उपास केला. साबुदाण्याची खिचडी, दोनदा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दोघांना सकाळी सहाला आत नेलं. एकाच कॉरिडॉरमधून, दोन स्ट्रेचर. तिच्या पायाचे तळवे चादरीबाहेर आले होते, नम्रतानं झाकले. मी बारा तास खुर्चीवर बसून होतो. कॅंटीनला गेलो नाही. आज पहिल्यांदा दिवसभर पोटात अन्न नाही, आणि त्याचा आता कुणालाही उपयोग नाही.

दोघंही ठीक.

९ मार्च, रविवार
उत्कर्षा घरी आली. हसली की टाके ओढतात, म्हणून हसवू नकोस काका, म्हणाली. मी काही विनोद केला नव्हता.

११ ऑक्टोबर, शनिवार
सात महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. दादा बरा आहे, डोळे पांढरे झालेत. उत्कर्षा खो-खो खेळत नाही, पोटाचं कारण सांगत नाही, वेळ नाही म्हणते.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी दादाला बाहेर जेवायची परवानगी दिली, कच्चं काही न खाता. कुठे जाऊया विचारलं तर म्हणाला, तुझ्या मेक्सिकनला. आजारपणभर ते फोटो बघितलेत, एकदा चव बघायची आहे. मी दोन-तीन दुसरी नावं सुचवली. तो म्हणाला, नाही, तिथेच.

काउंटरवर राहिलच होते. सुट्टीवर असतील असं धरून चाललो होतो. दादा आधी उभा राहिला, म्हणाला, हा रोज खायचा तो बाउल द्या, पाला सोडून. राहिलनी शिजवलेल्या भाज्या, एक पळी राजमा घातला. मग माझा बाउल भरायला घेतला. भाज्या, राजमा, लेट्यूस. आणि थांबले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, साहेब, आधी फोटो काढून घ्या, मग चीज घालतो.

मी म्हटलं, आज नको. त्यांना वाटलं फोटो नको, त्यांनी चीज घातलं. सवयीनं दोनदा. मग क्रीम. मग न विचारता चिप्स.

दादा काचेतून सगळं बघत होता. आपला ट्रे उचलून खिडकीपाशी जाऊन बसला.

मी समोर बसलो. तो सावकाश खात होता, राजम्याचा एकेक दाणा. अर्धं झाल्यावर त्यानं विचारलं, पहिल्या दिवसापासून? मी म्हटलं, नाही, पहिले दोन दिवस खरे होते. तो म्हणाला, बरं.

मग विचारलं, घाबरला होतास का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो. खूप. असं मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, या वहीलासुद्धा. तो म्हणाला, मग मला सांगायचंस की, मी कधी तुला ओरडलोय. मग तो म्हणाला, ते पाच आठवडे मी त्या फोटोंवर काढले रे.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानं त्याचा बाउल संपवला, चमचा आत ठेवला आणि म्हणाला, चव काही खास नाही. मग हात धुवायला गेला. उठताना पोटावर हात ठेवून उठतो अजून.

माझ्या बाउलमधलं चीज गार होऊन घट्ट झालं होतं. खावंसं वाटत नव्हतं. तो परत यायच्या आत सगळं संपवलं, चिप्ससकट.

वजन ९४.६. फरशी सपाट करून घेतली आहे.