राखाडी वर, निळा खाली

प्रिय मुंगीच्या बाबा,

सीमेपलीकडे पत्रं पोचवणारी एक चष्मेवाली बाई परवा घरी आली होती. म्हणाली, एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहा, पाकीट चिकटवू नका. आधी इकडचे लोक वाचतील, मग तिकडचे, मग तुमच्या हातात येईल. म्हणजे लग्नानंतर मी तुम्हाला लिहितेय ते पहिलंच पत्र आणि ते चारचौघांत. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, पाचवीनंतर हातात सुईच आली. चुका पोटात घाला.

मुंगी चालायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा पालथी पडत होती, आता खुर्ची ढकलत सगळं घर फिरते. तुमच्या जुन्या चपलेत पाय घालून दारात उभी राहते. आई म्हणतात, बापासारखीच, घरात पाय ठरत नाही. तुमचा राग आला की आई असंच बोलतात, आणि मग तुमचा शर्ट काढून पुन्हा धुवायला टाकतात. आठ महिन्यांत तो शर्ट किती वेळा धुतलाय, विचारू नका. गुडघे दुखतात त्यांचे, बाकी बऱ्या आहेत. तुम्ही काळजी करू नका, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.

तुम्ही कसे आहात? जेवता का? बाराही ड्रायव्हर एकाच खोलीत आहात असं कळलं. त्या बाईला विचारलं, मारत नाहीत ना? ती म्हणाली, नाही, नुसतं ठेवलंय. नुसतं ठेवलंय म्हणजे काय ते मला कळत नाही. माणूस काय बरणी आहे का? खिडक्यांच्या काचा पोचवायला गेला होतात, सकाळी नाका उघडा होता, दुपारी बंद झाला, एवढाच तुमचा गुन्हा. कुणाचं कुणाशी बिनसलं ते तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

शिवणाच्या कारखान्यात मला पुन्हा घेतलंय. मास्तर तसेच, कानावर पेन्सिल आणि तोंडात टाचण्या. काजं करणारी मावशी मुंगीला मांडीवर घेऊन बसते, म्हणते, हिला आत्तापासून शिकवते, म्हणजे आईसारखी तिरकी शिवण घालणार नाही. आधी आम्ही या थट्टेवर हसायचो. आता तसं म्हणता म्हणता मावशीच्याच डोळ्यांत पाणी येतं.

सांगते का ते. गेल्या महिन्यात बोलणी ठरली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिकडची मोठी माणसं इकडे येणार होती. कचेरीतला कारकून मास्तरांच्या ओळखीचा, तो सांगून गेला की बोलायच्या गोष्टींच्या कागदावर चौथ्या नंबरला तुम्ही बारा जण आहात. मी त्या दिवशी आईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं. टेबलावर ठेवायचे छोटे झेंडे आमच्याकडेच शिवायला आले. आपले शिवायला काय, डोळे मिटून शिवू. पण तिकडच्याचा कागदी फर्मा नव्हता. संबंध तुटले तेव्हा वरून हुकूम आला होता, काढून टाका, तर मास्तरांनी तो कागद मशीनच्या तेलाच्या डब्याखाली घातला आणि त्याचा चिखल झाला. कचेरीनं नमुना पाठवला तो झेरॉक्स. वर काळपट, मध्ये फिकट, खाली काळपट. रंग बाजूला लिहिले होते, निळा, पिवळा, राखाडी, पण कुठला कुठे ते नाही. मास्तर म्हणाले, पुन्हा विचारायला गेलो तर म्हणतील एवढंही येत नाही का. तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का हा झेंडा?

मी म्हणाले, माझ्याकडे फोटो आहे.

तुम्ही पाठवलेला तो. नाक्यावर गाडीला टेकून उभे आहात, डोळे उन्हानं बारीक झालेत, आणि मागे खांबाला त्यांचा झेंडा. मी तो रोज बघते, पण बघते ते तुम्हाला. धावत जाऊन घेऊन आले. सगळ्या जमल्या, मावशी म्हणाली, झेंडा राहू दे, नवरा बरा दिसतोय. मला काय अभिमान वाटला ते काय सांगू. पण त्यात झेंडा उभा सोडलेला होता, पट्टे वरून खाली. निळा डावीकडे. मी म्हटलं, आपण डावीकडूनच वाचतो, म्हणजे पहिला निळा. आणि आभाळ वरच असतं ना. मास्तरांनी मान हलवली. मी शिवला. एकही टाका वाकडा नाही, मास्तरांनी उजेडात धरून पाहिला.

तो उलटा होता.

बोलण्यांच्या दिवशी त्यांचा मोठा माणूस खोलीत आला, टेबलाकडे पाहिलं आणि बसलाच नाही. टीव्हीवर पाहिलं मी, माझाच झेंडा, माझीच दुमड. तिकडचे म्हणाले, मुद्दाम अपमान केला. इकडचे म्हणाले, त्यांना निघून जायला निमित्तच हवं होतं. पुढची तारीख कुणी सांगत नाही. मास्तर समजावतात, अगं, एवढ्याशा कापडावरून कुठे मोठी माणसं निघून जातात, त्यांचं आधीच ठरलं असेल. असेलही. मला कोण सांगणार? चौथ्या नंबरपर्यंत कुणी पोचलंच नाही, एवढं मला कळतं.

कारखान्यात दोनदा चौकशीवाले आले. कुणी शिवला, कुणी शिवायला लावला. मास्तरांनी सांगितलं, काम बाहेर दिलं होतं. सगळ्या बायका खाली मान घालून मशीन चालवत राहिल्या. आईंना मी अजून सांगितलेलं नाही. दारावर कुणी थाप मारली की मी मुंगीला आधी उचलते, मग दार उघडते.

त्या बाईनं बजावलंय, सरकारबद्दल, भांडणाबद्दल लिहायचं नाही. मी कुठे लिहिलंय? मी शिवणाबद्दल लिहिलंय. इकडच्यांनी हे वाचून मला नेलं तर मुंगी आईंकडे राहील, पण आईंचे गुडघे असे, किती धावतील तिच्यामागे? दोनदा कागद फाडला. पण दुसरा रस्ता मला दिसत नाही. आता मुंगीच्या बाबा, रागावू नका, पुढचं तुमच्यासाठी नाही. तिकडचे जे दादा हे पत्र तुमच्याआधी वाचतील, त्यांच्यासाठी आहे. दादा, तो अपमान नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या फोटोत बघून मी शिवला, आणि माझं चुकलं. त्याचा राग त्या बारा जणांवर काढू नका. तुमच्या वरच्यांना एवढं सांगता आलं तर सांगा. मोठ्यांना नाही तर निदान त्यांच्या खालच्यांना. राखाडी वर, पिवळा मध्ये, निळा खाली. आता माझं पाठ आहे.

तुमचीच,
मुंगीची आई