ग्लेन्कोचे पाहुणे

प्रिय अब्बांना तहसीनचा सलाम,

ज्यांच्या घरी बारा दिवस जेवले, त्यांनाच सैनिकांनी कसं मारलं? स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोचं १६९२चं हत्याकांड मी शिकवत असताना वर्गातल्या रिदाने विचारलं. "वरून हुकूम होता," एवढंच म्हणाले.

मी मजेत आहे. इथे फिंतासला अजून हफिजाचाचींकडेच जेवते. बांगड्याचा मधला तुकडा त्या मलाच वाढतात. त्या आमच्याच शाळेत सफाई करतात. शाळेतला लॅपटॉप हरवला. "चाचींना नेताना पाहिलं, असं लिहिलंय. वरून आलंय, सही कर," शाळेचे साहेब एक कागद पुढे करत म्हणाले. मी काहीच पाहिलं नव्हतं. सही झाली की चाचींची नोकरी जाणार. नाही केली तर कदाचित माझी.

अम्मीचा गुडघा कसा आहे?

कागद मी आज सकाळी सहीविना परत दिला.

तुमची लेक,
तहसीन