पेंड्रीची हिरवी टोपी

प्रिय रोशेल,

आपली ओळख नाही, तरी एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. गेली कित्येक वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी बोलत आलेय आणि तिथे तुला ‘तू’च म्हणते. आता कागदावर एकदम अहो-जाहो जमायचं नाही. मी डार्ला, वेंडलची बायको. म्हणजे तुझ्यानंतरची. शाळेची बस चालवते, आणि वेंडलचं म्हणणं असं, की बस चालवता चालवता गावातल्या प्रत्येक घरात नाक खुपसून येते. तुझा टपालाचा पत्ता मी तुझ्या नेडीन मावशीकडून काढला. सहजासहजी नाही दिला म्हातारीने. चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर बटाटे सोलत बसले, सगळी टोपली संपली तेव्हा कुठे बाई बोलली.

बातमी आधी सांगून टाकते. तुझी डेलेनी ऑगस्टमध्ये कॉलेजला चाललीय, कुस्ती खेळायला. हो, कुस्तीच. आणि गेल्या बुधवारी शाळेतल्या सह्यांच्या समारंभात तिने ज्या कॉलेजसाठी सही केली ते पेंड्री कॉलेज आहे. तुझ्या गावातलं. तुझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं. हे वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस गं. मला तुला बरंच सांगायचंय, आणि त्याहून जास्त विचारायचंय.

तू याच शाळेत शिकलीस, त्यामुळे जिम तुला माहीतच आहे. तिथेच बास्केटबॉलच्या जाळीखाली लांब टेबल मांडतात, त्यावर शाळेचा लाल कपडा, मागे फुगे. तुझ्या वेळी हे सगळं कौतुक फुटबॉलच्या पोरांचं असायचं. आता पळणारी, पोहणारी, गोळा फेकणारी, ज्याला कॉलेजच्या संघात जागा मिळाली त्या प्रत्येकाला टेबल मिळतं. गंमत म्हणजे खरी सही सकाळीच मोबाइलवर होऊन गेलेली असते. टेबलावरचा कागद नुसता फोटोपुरता! पण त्या खोट्या सहीसाठी अख्खी शाळा जिममध्ये बसवतात. पोरं टाळ्याही जोरात वाजवतात, कारण तेवढाच गणिताचा तास बुडतो. खेळाडूपुढे टोप्या मांडलेल्या असतात, ज्या ज्या कॉलेजांनी बोलावलं त्यांच्या. पोर एकीकडे हात नेतं, थांबतं, लोक ओरडतात, मग दुसरीच उचलून डोक्यावर घालतं. लग्नात ‘हो’ म्हणायच्या वेळी नवरी मुद्दाम अडून बसते ना, तसला लाडिक प्रकार. मला फार आवडतो.

डेलेनीपुढे दोनच टोप्या होत्या. एक कॉर्डेलची, जांभळी. कॉर्डेल इथून तासाभरावर, तिथल्या मुलींच्या कुस्तीचं नाव मोठं, आणि त्यांनी पोरीला शिष्यवृत्तीही भरघोस देऊ केलेली. दुसरी पेंड्रीची, हिरवी. ती नुसती शोभेला ठेवलीय असं आम्ही धरून चाललो होतो. पोरगी अठराची झालीय, तिला आमच्या सहीची गरज नाही, आणि घरात तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. विचारलं की म्हणायची, “कळेलच की बुधवारी. तुला एवढी घाई कसली?” केकचं काय करू विचारलं तर म्हणाली, “साधा पांढरा कर.” आता तूच सांग, सह्यांच्या दिवशी साधा पांढरा केक कोण नेतं? कॉलेजच्या रंगाचा केक ही आईची जबाबदारी. मी आपला अक्कलहुशारीने जांभळा केला. आणि वेंडल! तो माझ्यावर ताण. त्याने कॉर्डेलचा जांभळा टी-शर्ट गुपचूप मागवून जाकिटाच्या आत घातला होता. पोरीने टोपी घातली की बापाने झर्रकन चेन उघडायची, सगळे बाप करतात तसं. सकाळी आरशासमोर त्याची तालीम चाललेली मी दाराआडून बघितली. हसू दाबताना पुरेवाट झाली माझी.

तिने हात जांभळ्या टोपीवर नेला. जिममध्ये गलका. मग तिने हात उचलला, हिरवी टोपी घेतली आणि डोक्यावर चढवली. पेंड्री म्हणजे काय, कुठे, कोणालाच पत्ता नाही. मग तिच्या कुस्तीच्या कोचने, हॉलवर्सनने, टाळी वाजवली. त्याला ठाऊक होतं बघ, अळीमिळी गुपचिळी करून बसला होता. वेंडलचा हात चेनवर होता. तो हात त्याने हळूच वर नेला आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. एप्रिल संपत आला तरी जिमचा हीटर सुरूच, घामाच्या धारा लागल्या होत्या त्याला, पण शेवटपर्यंत जाकीट काढलं नाही बिचाऱ्याने. फोटोत डेलेनीची टोपी हिरवी, आणि आम्हा सगळ्यांच्या जिभा, ओठ जांभळे. माझी सासू, म्हणजे तुझीही कधीकाळची, केकचा दुसरा तुकडा घेता घेता म्हणाली, “रंग चुकला तरी चव बरी आहे हो. सगळंच काही चुकत नाही तुझं.” तिचं बोलणं तुला आठवत असेलच.

आता मी विचारते. तू डावखुरी आहेस का? डेलेनी सगळं उजव्या हाताने करते, पण मॅटवर उतरली की पहिली पकड डाव्या हाताने. वेंडलच्या घरात कोणी डावखुरं नाही, मी सगळ्यांना विचारून झालंय. राग आला की ती गुणगुणते. ओरडत नाही, आदळआपट नाही, नुसती गुणगुणते, आणि आम्ही समजतो की आज हिच्या वाटेला जायचं नाही. हे तुझं का? लोणच्याच्या बरणीतलं पाणी पिते, शी! तेही तुझंच असेल. मी तिला सात वर्षांची असल्यापासून वाढवतेय. तिचं काय वेंडलचं आणि काय माझ्या वळणाचं ते मला बोट ठेवून सांगता येतं. उरलेलं सगळं मी तुझ्या नावावर टाकत आले, आणि ते उरलेलंच मला सगळ्यात जास्त आवडतं. म्हणून तुझ्याबद्दल मला राग कमी आणि कुतूहल जास्त. लोकांना हे पटत नाही. नको पटू दे.

मी तुला एकदा बघितलंय, रोशेल. फेब्रुवारीत. राज्याच्या स्पर्धा संपल्यावर पेंड्रीने तिला कॉलेज बघायला बोलावलं आणि वेंडलला सुटी नव्हती, म्हणून मी घेऊन आले. तिथली मॅट बघितली, व्यायामशाळा बघितली, मुलींबरोबर जेवली. परत निघालो तेव्हा म्हणाली, “डार्ला, इथून डावीकडे घे ना.” मी घेतलं. “आता हळू चालव.” मी हळू चालवली. निळ्या व्हरांड्याच्या घरापुढे एक बाई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याकडे आणत होती. राखाडी स्वेटर, केस वर बांधलेले. आणि ही माझी पोरगी, जिने राज्याच्या स्पर्धेत आपल्यापेक्षा थोराड मुलीला पहिल्याच फेरीत चितपट केलं, ती सीटवरून घसरून खाली पायाशी जाऊन बसली! गुडघ्यात डोकं घालून. मी म्हटलं, “काय गं, काय झालं?” तर म्हणे, “काही नाही. बुटाची नाडी.” पुढच्या कोपऱ्यापर्यंत नाडीच बांधत होती. तू डबा टेकवलास आणि एक खांदा पाडून आमच्या गाडीकडे बघितलंस. हरल्यावर डेलेनी मॅटवरून उतरते ना, ती अगदी तशीच खांदा पाडून उतरते. तेव्हा मला कळलं ही बाई कोण ते. तुझं घर तिने कुठून शोधलं, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. परतीच्या वाटेवर मी तोंड मिटून बसले, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या बसमधल्या पोरांना विचार. बऱ्याच वेळाने ती आपण होऊन म्हणाली, “कॉलेज ठीक आहे. पण इथे कोण येणार?” मी त्यावर विश्वास ठेवला. एकदा बघायचं होतं, बघून झालं, संपलं, असं वाटलं मला.

बुधवारी टोपी घातल्यावर तिच्या हातात माईक दिला. सगळ्यांचे आभार मानायची रीत आहे. तिने बाबाचे मानले, कोचचे मानले. मग म्हणाली, “आणि डार्लाचे. हिला कुस्तीतलं अजून काही कळत नाही, पण एकही स्पर्धा चुकवली नाही हिने.” लोक हसले, मी रडले, सगळं यथासांग झालं. आता माईक परत देईल म्हणून प्राचार्यांनी हात पुढे केला, तर ही म्हणाली, “आणि माझ्या आईचे.” बस, एवढंच. ती मला जन्मात कधी ‘आई’ म्हटलेली नाही, डार्लाच म्हणते, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे कोणाबद्दल बोलली हे सांगायला नको होतं. माझं काय झालं विचारशील तर खरं सांगते, दुखलं. मग वेंडलकडे बघितलं तर तो टेबलावरच्या कपड्याची घडी सारखी करत होता, जी मुळात विस्कटलेलीच नव्हती.

वेंडल त्या दिवसापासून गॅरेजमध्येच असतो. तीच गवत कापायची मशीन उघडतो, तीच परत जोडतो. मी म्हटलं, बोल ना तिच्याशी. तर म्हणाला, “काय बोलू? जाऊ नको म्हणू? एकीला म्हटलं होतं, काय उपयोग झाला?” त्याने तुझ्याबद्दल याहून जास्त कधी काही सांगितलेलं नाही. तू का गेलीस ते मला माहीत नाही, आणि जिथे तिथे नाक खुपसणारी मी, हे मात्र विचारणार नाही. ते तू तिला सांग. तिचा हक्क पहिला.

शनिवारी मी आणि ती बस धूत होतो, हातात पाइप असला की ती जरा मोकळं बोलते. मी सरळच विचारलं, “पेंड्रीला तू कुस्तीसाठी चाललीस की तिच्यासाठी?” आधी गुणगुणली. मग म्हणाली, “दोन्ही. तिथला कोच खरंच चांगला आहे, तू चिडू नकोस.” मी म्हटलं, “मी कशाला चिडू? आणि तिला माहीत आहे का तू येतेयस ते?” तर म्हणाली, “नाही. आधी सांगितलं तर ती तयारी करेल. मला तयारी केलेली नकोय. मी बेल वाजवणार, ती दार उघडणार, मी म्हणणार मी डेलेनी. मग बघू.” मी म्हटलं, आणि नाहीच उघडलं तर? रोशेल, माझ्याकडे तिने असं बघितलं, जणू मीच मूर्ख. “उघडेल गं. तिला फक्त मी कुठे असते ते माहीत नसेल.” आम्ही आजही त्याच घरात राहतो ज्यातून तू गेलीस. मी पाइप घेतला आणि चाकं धुवायला लागले. ही पोरगी समोरच्या मुलीचा डाव तीन चाली आधी ओळखते, आणि इथे साधं एवढं तिला दिसत नाही. किंवा दिसतं, आणि तरीही चाललीय. मला ठरवता येत नाही. तुला येतं का?

तर हे पत्र. कानउघाडणी करायला लिहिलेलं नाही, मला तुझ्याकडून माफी नको, फोटो नको, तिच्या शिक्षणाला मदत नको. मी लिहितेय हे ना वेंडलला माहीत आहे ना तिला, आणि कळलं तर ती महिनाभर गुणगुणत बसेल, बसू दे. दार उघडणार असलीस तर मला काही कळवू नकोस. तयारीही करू नकोस, तिला ती आवडणार नाही. फक्त घरात खायला काहीतरी असू दे, सरावानंतर तिला भयंकर भूक लागते आणि भूक लागली की तिला रडू आवरत नाही. पण तुझ्याच्याने होणार नसेल, तुझं दुसरं घरदार असेल, भीती वाटत असेल, काहीही असेल, तर आत्ता मला लिही. एक ओळ पुरे. ऑगस्टला अजून वेळ आहे. मी तिला इथे, स्वयंपाकघरात, शेजारी बसवून सांगेन, आणि ती रडेल तेवढा वेळ तिच्याजवळ बसेन. ते मला जमतं, आजवर तेच करत आलेय. तिने ते एकटीने, परक्या गावात, बंद दारासमोर उभं राहून समजून घ्यावं, हे मात्र मला सहन व्हायचं नाही. तेवढं ‘नाही’ माझ्याकडे दे, रोशेल. तिच्याकडे नको.

तुझ्या उत्तराची वाट न बघायचा प्रयत्न करणारी,
तुझीच,
डार्ला