खालाच्या गल्लीची पाच मिनिटं

बाबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आज सकाळी मी तुमचं ऐकलं.

तुम्ही गावाचे वॉलमन. दर चौथ्या दिवशी सकाळी सहाला लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचात, गल्लोगल्ली वॉल फिरवून पाणी सोडायचात, दारोदार हाक द्यायचात. मी चिखलीत कॉम्प्युटर शिकले, नोकरीला लागले, आणि पंचायतीने पाणी सोडायचा प्रोग्राम माझ्याकडूनच करून घेतला. केवढी मिरवले मी! कोणती गल्ली, किती वाजता, किती मिनिटं, एकदा लिहून ठेवलं की दर चौथ्या दिवशी वॉल आपोआप उघडणार, आपोआप बंद होणार. सगळ्यांना सारखी वीस मिनिटं. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही माझ्या मागे उभे आहात, पडद्यावरचा तक्ता बोट लावून वाचताय आणि शेवटच्या गल्लीशी थांबताय. तिथे अख्खं गाव जिला खाला म्हणायचं ती म्हातारी एकटीच राहायची, गुडघ्यांनी अधू.

"खालाले पंचवीस कर माय. तिले घागर आत नेऊन ठेवालेच टाइम लागते."

मी म्हणाले, एकीसाठी नियम बदलला तर उद्या सगळं गाव दारात येईल. पण पाण्याच्या दिवशी, वॉल तुमच्या हातात उरला नसतानाही, चावी घेऊन तिच्याकडे जायचात आणि घागरी आत नेऊन द्यायचात. लोक हसायचे. मला लाज वाटायची. एका सकाळी तुम्ही चपला घालत होतात तेव्हा मी म्हणाले, "आता तुमचं काही काम नाही तिथं. घरी बसा." तुम्ही चपला काढल्या. नंतर पाण्याच्या दिवशी ओट्यावर नुसते बसून असायचात, आणि त्याच हिवाळ्यात गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला ते आजही पटत नाही.

आज पंचायतीत नवा कॉम्प्युटर बसवायला आले होते. वाटेत खालाच्या दाराशी थांबले, तेवढ्यात नळ गेला. तिसरी घागर अर्धीच राहिली. आता ती फार म्हातारी झालीय. मला वाटलं, चार शब्द ऐकवेल.

"हर बारीले असंच होते बेटा," ती म्हणाली. "तुझा बाप होता तवा पुरत होतं."

पंचायतीत जाऊन मी वीसचे पंचवीस केले. अर्धं मिनिट लागलं. मग तिथेच बसून रडले, आणि हे पत्र लिहायला घेतलं. टाकणार कुठे?

तेव्हाही अर्धंच मिनिट लागलं असतं, बाबा. नियम वगैरे काही नव्हता. एका वॉलमनच्या सांगण्यावरून मला माझा प्रोग्राम बदलायचा नव्हता.