साबणाचे दोन किर्श

अनफूशी, अलेक्झांड्रिया
३ जुलै १९८३

चि. रऊफ यास,

सलाम व अ. आ. वि. वि. शाळेला सुट्टी लागली म्हणून तंटाहून आईकडे आले आहे. तिचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत. तुझा फोटो बघून म्हणाली, कुवेतने याचे केस घेतले आणि पोट दिले.

आता जे लिहिते ते बसून वाच. तू धाडतोस त्या पैशांतून शहाताकाकांचे किराण्याचे बिल भागते. आईला वाचता येत नाही, म्हणून वहीत तेच लिहितात. काल ती वही सहज चाळली. साबण वीस किर्श, चहा पंधरा, वाल दहा. एकही आकडा मोडका नाही, सगळे पाचाच्या पटीत. शेजारणीकडून त्याच दुकानातून त्याच वस्तू आणवल्या. साबण अठरा, चहा तेरा, वाल सात. मग जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षे हेच चालले आहे. बाबांच्या जनाज्याला खांदा देणारा माणूस हा!

आईला बोललेले नाही. काय करू ते कळव. लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
सनिय्याताई

कुवेत
१४ जुलै १९८३

ती. सनिय्याताईस,

सलाम. वि. वि. पत्र तीनदा वाचले, तरी विश्वास बसेना. मी इथे उन्हात खांबावर चढून तारा ओढतो आणि त्यातले दोन-दोन किर्श तो म्हातारा खातो! लहानपणी त्याच्या बाकावर बसून फुकटचा हलवा खाल्ला होता. त्याची किंमत आता कळली.

आईला सांगू नकोस, ती पांघरूण घालील. गुरुवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असते, तेव्हा जा. वही तराजूवर टाक आणि सगळ्यांदेखत त्याला चोर म्हण. माझ्या नावाने म्हण. मी यंदाही येत नाही, अजून एक वर्ष काढतो.

राग त्याच्यावर, लोभ तुझ्यावर. तो असाच राहो.

तुझा,
रऊफ

अनफूशी
२९ जुलै १९८३

चि. रऊफ,

सलाम. पुढे काय लिहू? काल तू सांगितलेस तसेच केले. सहा गिऱ्हाइके होती. वही तराजूवर टाकली, पारडे खाडकन खाली गेले. मी चोर म्हणाले. दोनदा म्हणाले. शहाताकाकांनी चष्मा काढला, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितले आणि शटर ओढले.

थोड्या वेळाने ते आमच्या दाराशी आले. हातात तुपाचा मोठा डबा होता. तो उंबऱ्यावर ठेवला आणि आईला म्हणाले की ठेव परत केली, मोजून घ्या. आत आले नाहीत.

डब्यात किर्श-किर्श करून साठलेले तीनशे अठ्ठ्याऐंशी पौंड निघाले. आईनेच त्यांना सांगितले होते, प्रत्येक वस्तू वरच्या पाचावर न्या आणि वरचे तुमच्याकडे ठेवा. घरात ठेवले असते तर तुमच्यापैकी कोणी मागितले असते आणि मी दिले असते, असे म्हणाली. दुकानाला लागून त्यांची रिकामी खोली आहे ना, ती तू परत आल्यावर तुझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानासाठी ठरली होती. अनामत चारशे. बारा पौंड राहिले होते. तुला कळवले असते तर तू तेही पैसे धाडून तिथेच राहिला असतास, हेही तिचेच म्हणणे.

तिने मला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. तुला निरोप आहे, की ये. पण बॅग घेऊन आधी दुकानात जा. तिथे निस्तरल्याशिवाय ती दार उघडणार नाही.

लोभ मागायला आज तोंड नाही.

सनिय्या

अनफूशी
२२ सप्टेंबर १९८३

ती. सनिय्याताईस,

सलाम. वि. वि. बॅग घेऊन आधी दुकानातच गेलो. लोक होते. मोठ्याने माफी मागितली, चोर म्हणायला लावणारा मीच असे सांगितले. काकांनी मान वर केली नाही. काय हवे, एवढेच विचारले, जसा कोणी परका. साबण म्हणालो. ते अठरा म्हणाले. मी वीस ठेवले. त्यांनी दोन किर्श परत सरकवले.

आईने दार उघडले नाही. रात्री आपल्या मामेभावाकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा साबण, पुन्हा वीस, पुन्हा दोन किर्श परत. असे सात दिवस. गल्लीत मला साबणवाला म्हणू लागले. आई खिडकीतून ओरडली की एवढा मळला आहेस का रे.

आज आठवा दिवस. वीस ठेवले. काकांनी नाण्यांकडे पाहिले, चष्मा पुसला. मग खालून हलव्याचा रिकामा डबा काढला आणि त्यात दोन किर्श टाकले. रिकामा होता, म्हणून आवाज फार मोठा झाला. वही ओढून त्यांनी लिहिले, साबण वीस.

खोलीचे कुलूप अजून निघालेले नाही. मीही विचारलेले नाही. आईने दार उघडले. मी आत गेलो.

तंटाहून येशील तेव्हा चार साबण घेऊन जा. पण आधी दुकानात जा.

लोभ टिकवून ठेव.

तुझा,
रऊफ